न धुतलेली जीप

वना निंबा माझ्या नजरेत पहिल्यांदा भरला तो त्याच्या हातामुळे. डिसेंबरातली सकाळ होती. कानांवरून मफलर घट्ट गुंडाळून मी नरडाणा स्टेशनाकडून शाळेकडे निघालो होतो. चहाच्या टपरीसमोर एक पांढरी जीप येऊन थांबली आणि तिच्यातून उंच, किडकिडीत असा एक माणूस उतरला. चहाकडे न जाता तो गाडीभोवती फिरू लागला. प्रत्येक चाकापाशी वाकायचा, उजव्या हाताची मागची बाजू चाकाच्या मधल्या लोखंडाला लावायचा, क्षणभर थांबायचा आणि पुढच्या चाकाकडे जायचा. चारही चाकं झाली तेव्हा कुठे त्याने चहा मागितला.

मला वाटलं, बिचारा हात शेकतो आहे. मी तसं म्हणालोही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मास्तर आहे हे कपड्यांवरून ओळखलं आणि म्हणाला, "शेकत नही सर. इचारी राहिनू."

"कोणाला विचारतोस?"

"चाकंसले."

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. वना हसला नाही. त्याने मला नीट समजावून सांगितलं. ब्रेक लावला की चाकात उष्णता येते. पुढची दोन चाकं एकमेकांइतकी गरम लागायला हवीत आणि मागची दोन एकमेकांइतकी. एखादं जास्त तापलं तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. एखादं गार राहिलं तर ते आपल्या वाट्याचं काम करत नाही. त्याचे वडील निंबा आबा पहाटे गोठ्यात गेले की आधी बैलांचे कान हातात धरत. कानावरून बैलाचा ताप कळतो. बैल गेले, शेतीचे तुकडे झाले, वना ड्रायव्हर झाला, पण हाताची ती सवय गेली नाही. बैलांचे कान गेले आणि जीपची चाकं आली, एवढाच फरक.

त्या दिवशी शाळेत पोहोचायला मला पाच मिनिटं उशीर झाला. हेडमास्तरांना कारण सांगितलं नाही.

जीप एका धर्मादाय संस्थेची होती. संस्थेचा नरडाण्याला छोटा दवाखाना होता आणि तिथल्या नर्स सुमनबाई आठवड्यातले पाच दिवस शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यांत फिरत. बाळंतिणी, पोटुशा बाया, तान्ही मुलं. सकाळी साडेसहाला निघायचं, तीन-चार गावं करायची आणि अडलेली बाई असली तर तिला घेऊन थेट धुळे गाठायचं. जीप देणगीत मिळालेली, पेट्रोलवर चालणारी. जुन्या जीपना नसायचे तसे दिवे तिच्या स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या फळीवर होते. आपल्या भागात तेव्हा त्याचंही कौतुक होतं. त्यातला एक लाल दिवा ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला असला की तो लागायचा, आणि ब्रेक ऑइलच्या डबीत तेल खाली गेलं तरी लागायचा. डबीत एक तरंगता गोळा असतो, तो खाली बसला की दिवा लागतो. हे मला वनानेच शिकवलं. मी विज्ञान शिकवत होतो, पण जीपचं बॉनेट कधी उघडून पाहिलं नव्हतं.

सुमनबाई वनाला 'वनाभाऊ' म्हणत आणि तो त्यांना 'अक्का'. दोघांचं बोलणं फार नसायचं. सुमनबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "वनाभाऊ चालवतात तेव्हा मी पोटुशा बाईला मागे निजवते. दुसरं कोणी चालवत असेल तर बसवते." वनाबद्दल याहून नेमकं मी कोणाकडून ऐकलं नाही.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. पहाटे विहिरीवरच्या दोराला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. आणि त्या थंडीत वनाच्या जीपचा लाल दिवा लागू लागला. सकाळी किल्ली फिरवली, हँडब्रेक खाली केला तरी दिवा जात नसे. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवलं की जाई. मग दिवसभर त्याचा पत्ता नसायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर.

दिवा लागलेला असताना वना गाडी हलवायला तयार नसायचा. तापी काठाच्या गावांकडे उतरताना मोठा उतार आहे, रस्ता खडीचा, आणि मागे बाया बसलेल्या. दिवा जाईपर्यंत तो इंजिन चालू ठेवून शेजारच्या शेकोटीपाशी उभा राहायचा. रोजचा अर्धा तास त्यात जाऊ लागला. गावाने त्याला लगेच नाव ठेवलं. टपरीवर तो आला की कोणीतरी विचारायचं, "काय वनाभो, आज गाडीनी गोधडी सोडी का नही?" दुसरा म्हणायचा, गाडीला नव्हे, ड्रायव्हरला थंडी वाजते. वना चहा पिऊन निघून जायचा.

संस्थेचे सचिव शालिग्राम नाना यांना मात्र हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. नाना धुळ्यातून निवृत्त झालेले कारकून, शिस्तीचे, मनाने वाईट नव्हेत. पण गावोगावचे सरपंच त्यांना निरोप पाठवत होते की बाया ओट्यावर कुडकुडत बसतात आणि गाडी उशिरा येते. नानांनी जीप तीन वेळा धुळ्याला मिस्तरीकडे पाठवली. आग्रा रोडवरचे रुपचंद मिस्तरी म्हणजे त्या वेळी धुळ्यातलं मोठं नाव. तिन्ही वेळा त्यांनी गाडी पाहिली आणि तिन्ही वेळा त्यांना काही सापडलं नाही. सापडणार कसं? नरडाण्याहून धुळ्याला पोहोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं, वर दुपारचं ऊन. दिवा विझलेला. डबीतलं तेल खालच्या खुणेच्या जरासं वर, म्हणजे नियमात. पहिल्यांदा त्यांनी हँडब्रेकचं बटण बदललं, दुसऱ्यांदा वायर तपासली, तिसऱ्यांदा वनाच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की गाडी ठणठणीत आहे, डोकं शांत ठेव. डावं मागचं चाक उजव्यापेक्षा गार लागतं असं वनाने सांगून पाहिलं. मिस्तरी म्हणाले, मागची चाकं गारच असतात.

गाडी तिथे रात्रभर ठेवावी, पहाटे आपोआप कळेल, असं मी सुचवलं होतं. पण ते संस्थेच्या नियमात बसत नव्हतं. रात्री कुठे बाई अडली तर जीप नरडाण्यात हवीच. आणि एका दिव्यासाठी रुपचंद मिस्तरी पहाटे सहाला नरडाण्याला येणं शक्य नव्हतं.

आणखी एक नियम होता. ड्रायव्हरने पाणी आणि इंजिन ऑइल एवढंच पाहायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. आधीच्या ड्रायव्हरने काही उद्योग केले होते, म्हणून हा नियम आला होता. वना तो अक्षरशः पाळायचा. डबीत थोडं तेल ओतून दिवा घालवणं त्याला सहज जमलं असतं. मी तसं म्हणालोही. त्यावर तो म्हणाला की तेल ओतलं तर दिवा गप्प बसेल, पण तो बोलतो आहे कशाबद्दल हे मग कोण सांगणार?

शेवटी नानांनी निर्णय दिला. दवाखान्याच्या ओट्यावर, सुमनबाईंच्या आणि माझ्या देखत दिला. सोमवारी ते स्वतः जीपमध्ये बसून धुळ्याला येतील. मिस्तरींनी चौथ्यांदाही काही नाही म्हटलं, तर वनाने किल्ली तिथेच त्यांच्या हातात द्यायची. छगन नावाचा दुसरा ड्रायव्हर तयार होता. छगनने नानांना आधीच सांगून ठेवलं होतं की दिव्याची वायर काढून टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

वनाला नोकरी जाण्याचं दुःख होतंच. घरी दोन मुली, बायको कमलबाई आणि अंगणाएवढीच जमीन. पण त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन तो जे बोलला ते नोकरीबद्दल नव्हतं.

"सर, मी गयू तर गयू. पण छगन वायर काढी टाकी, आणि अक्का बायासले लई उतारवर जाई."

दिवा मुका करून अक्का बायांना घेऊन उतारावर जातील, ही त्याची धास्ती होती. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर मात्र माझ्याकडे होता. लाकडी पट्टीवर बसवलेला, लाल रेघेचा. मी म्हटलं, निदान कोणत्या थंडीला दिवा लागतो ते तरी लिहून काढू, मिस्तरींना दाखवायला कागद होईल. वनाने तो दवाखान्यालगतच्या जीपच्या छपरीत खिळ्याला अडकवला आणि कोळशाने भिंतीवर आकडे लिहू लागला. नऊ अंश, दिवा. आठ अंश, दिवा. ढगाळ असलेल्या एका पहाटे चौदा अंश होते. त्या दिवशी दिवा नव्हता. टपरीवाल्यांना आता हसायला आणखी एक गोष्ट मिळाली.

कमलबाई पूर्वेकडच्या, रावेरच्या बाजूच्या. माहेरी केळीच्या बागा. तिचे वडील अशा थंडीत पहाटे उठून बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवत, धूर बागेवर राहावा म्हणून. त्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा ज्वारीची भाकरी थापता थापता ती नवऱ्याला म्हणाली की थंडी काय करते ते थंडीतच दिसतं. दुपारी बागेत गेलेल्याला सगळी झाडं टवटवीत दिसायची आणि तो तिच्या वडिलांना वेड्यात काढायचा. तुमच्या मिस्तरीला तरी दुपारी काय दिसणार? मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "थंडी धुळ्याला घेऊन जाता येत असती तर बरं झालं असतं."

वनाने घास तसाच हातात धरला. 

रविवारी सकाळी मी छपरीत गेलो तेव्हा तो थर्मामीटरसमोर उभा होता. बोटांनी त्याने थर्मामीटरची कुपी धरली, लाल रेघ चढली. बोटं काढली, रेघ उतरली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. वर्गात मुलांसमोर मी हा प्रयोग किती वर्षं करत आलो होतो.

"डबीतलं तेल बी असंच खाली बसत असेल," तो म्हणाला. माझ्याशी बोलताना तो निम्मं मराठी, निम्मं अहिराणी बोलायचा. "गार झालं की आखडतं, गोळा खाली बसतो, दिवा लागतो. तापलं की चढतं, दिवा जातो. दिव्याचं काही चुकत नही."

मी म्हटलं, "मग झालं. थंडीचा दोष. तसं मिस्तरींना सांगू."

त्याने मान हलवली. "सर, मागच्या हिवाळ्यात बी थंडी होती. तवा दिवा नव्हता लागत. म्हणजे औंदा तेल आधीच कमी शे. ते गेलं कुठं?"

तीस वर्षं मी शाळेत प्रश्न विचारत आलो. त्यातला एकही मला इतका चांगला वाटत नाही.

आता मला त्याच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या सवयीने केला होता. मिस्तरीकडे जायच्या आदल्या दिवशी वना जीप धुवायचा. नुसती वरून नव्हे. आडवा झोपून चाकांच्या आतल्या बाजूसुद्धा. बैल बाजारात न्यायचा तर आधी त्याला नदीवर घालून घासून काढतात, शिंगांना तेल लावतात. मोठ्या मिस्तरीसमोर मळकी गाडी नेणं त्याला तसंच कमीपणाचं वाटायचं. रुपचंद मिस्तरीही प्रत्येक वेळी त्याची स्तुती करायचे. सगळ्या धुळे जिल्ह्यात अशी स्वच्छ गाडी कोणी आणत नाही, म्हणायचे.

त्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे दोन बादल्या पाणी आणून ठेवलं आणि आधी डाव्या मागच्या चाकापाशी झोपला. ते गार लागणारं चाक त्याच्या मनात होतंच. चाकाच्या आतल्या बाजूला त्याने हात फिरवला आणि हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. बाकीच्या तीन चाकांवरची धूळ कोरडी, फुंकर मारली तर उडणारी. या चाकावरची धूळ मात्र बोटांना चिकटली होती, ओलसर, काळी. त्याने वास घेतला.

त्याने बादली बाजूला सरकवली. मग सांगितलं. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं चिवट नसतं. पाण्याने धुऊन जातं, डागसुद्धा ठेवत नाही. तीन वेळा मिस्तरीला दाखवायचं ते त्याने स्वतःच्या हाताने घासून घालवलं होतं.

दोन्ही बादल्या त्याने कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून दिल्या.

सोमवारी मी रजा टाकली. साडेदहाच्या सुमाराला आम्ही निघालो. वना, त्याच्या शेजारी नाना, मागे मी. जीप आठ दिवसांच्या धुळीने माखलेली होती. नानांनी बसताना सीट रुमालाने झटकली आणि म्हणाले, निदान शेवटच्या दिवशी तरी गाडी धुवायची होती. वना म्हणाला, "नाना, दुपारी धुतो." 

धुळ्यात शिरल्यावर मिस्तरीकडे न वळता त्याने जीप बर्फाच्या कारखान्यासमोर उभी केली. नाना चकित झाले. वना आत जाऊन अर्धी लादी मागू लागला. जानेवारीत बर्फाला गिऱ्हाईक पाहून कारखान्यातला माणूस खुशीत आला. "काय भो, लगीन शे का?" त्याने विचारलं. वनाने लादी गोणपाटात गुंडाळत उत्तर दिलं, "गाडीले ताप येयेल शे."

नानांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

रुपचंद मिस्तरी थुलथुलीत, हसरे, कानावर पेन्सिल खोचलेले. धुळीने भरलेली जीप पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. नानांनी आपला निर्णय त्यांनाही सांगितला आणि गाडी बंद झाल्याबरोबर किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवली. गॅरेजमधली कामं थांबली. शेजारच्या पंक्चरवाल्यापासून समोरच्या पानवाल्यापर्यंत आठ-दहा माणसं जमली.

वनाने बॉनेट उघडलं. नानांकडून किल्ली मागून घेतली आणि इंजिन सुरू न करता फिरवून तशीच ठेवली. हँडब्रेक खाली. दिवा नाही. सगळ्यांना तो न लागलेला दिवा नीट पाहू दिला. मग मिस्तरींना म्हणाला की नियमामुळे मला हात लावता येत नाही, तुम्ही लावा. गोणपाटातला बर्फ फोडून त्या डबीभोवती बांधायचा, एवढंच काम आहे.

मिस्तरींनी एकदा नानांकडे, एकदा बर्फाकडे पाहिलं. नको म्हणतील असं वाटत होतं. पण कारागिराला नवी गोष्ट पाहायची हौस असते. त्यांनी स्वतः हातोडीने बर्फ फोडला, पोत्याच्या तुकड्यात भरला आणि डबीला लहान मुलाच्या गळ्याला पट्टी बांधावी तसा बांधला. मी छपरीतून बरोबर आणलेला थर्मामीटर पिशवीतून काढून त्यात खोचला. पानवाला म्हणाला, आता कुल्फी मिळणार.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पाणी ठिबकत होतं. नाना घड्याळ पाहत होते. थर्मामीटरची रेघ बारावर आली, दहावर आली. वना गाडीच्या दाराशी उभा होता, एक हात छपरावर ठेवून. तो दिव्याकडे पाहतच नव्हता. पाहत होता मिस्तरींच्या तोंडाकडे.

रेघ सहाच्या खाली गेली आणि दिवा लागला. आधी मंद, थरथरता. मग चांगला लालभडक. भर दुपारी, आग्रा रोडवर.

 मग पंक्चरवाल्याने टाळी वाजवली. मिस्तरींनी वाकून दिव्याकडे पाहिलं, पोतं सोडलं, डबीवर हात धरला. थोड्या वेळाने गोळा वर आला, दिवा गेला. त्यांनी पुन्हा पोतं बांधलं. पुन्हा दिवा. तीनदा केलं त्यांनी तसं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

नाना मात्र नानाच होते. ते म्हणाले, "ठीक आहे. दिवा लागतो हे पटलं. वना खोटं बोलत नव्हता, हेही पटलं. पण मग हा थंडीचाच खेळ झाला. छगन म्हणतो तशी वायर काढली तर काय बिघडतं?"

आता वना बोलला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "नाना, थंडी दर साली येते. तेल औंदाच कमी झालं. डावं मागचं चाक खोला. माझा हात चुकला तर किल्ली तुमनी शे."

मिस्तरींनी जॅक मागवला. चाक काढलं तेव्हा आतल्या बाजूची ती ओली, काळी धूळ सगळ्यांना दिसली. त्यांनी बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि त्यांचं हसू गेलं. ड्रम ठोकून बाहेर काढला. आत ब्रेकचा लायनर तेलाने काळाकुट्ट भिजलेला होता. चाकातल्या छोट्या सिलेंडरवरची रबरी टोपी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने जराशी उचलली आणि तिच्यामागे साठलेलं तेल धार धरून खाली सांडलं. आतलं रबर त्यांनी तळहातावर घेतलं. कडेने तडकलेलं, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं कडक.

मग त्यांनीच नानांना समजावलं. म्हातारं झालेलं रबर थंडीत आखडतं, घट्ट बसत नाही. पहाटे तेल झिरपतं. गाडी तापली की रबर फुगतं आणि गळती थांबते, म्हणून दुपारी काही दिसत नाही. लायनर तेलात भिजलेला, म्हणून ते चाक ब्रेक धरत नव्हतं, आणि म्हणून ते गार राहत होतं. अजून पंधरा दिवस असेच गेले असते आणि तापीच्या उतारावर हे रबर फाटलं असतं, तर पुढे काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही.  नाना सांडलेल्या तेलाकडे पाहत उभे होते.

मिस्तरी वनाकडे वळले. "तू गाडी धुऊन आणायचास रे," ते म्हणाले, "आणि मी तुला शाबासकी द्यायचो."

"चूक दोघांची शे, मिस्तरी," वना म्हणाला आणि मग हसला. त्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

चारही चाकांची रबरं बदलली, लायनर बदलले, नवं तेल भरून ब्रेकमधली हवा काढली. चार वाजले. शेवटी मिस्तरींनी पुन्हा बर्फ बांधला, स्वतःच्या समाधानासाठी. थर्मामीटर पाचवर गेला तरी दिवा लागला नाही. पानवाल्याने सगळ्यांना फुकट पान खिलवलं. वना पान खात नसे, त्या दिवशी त्याने खाल्लं.

आणि मग बादली मागून त्याने जीप धुतली. दुपारी धुतो म्हणाला होता, ती वेळ थोडी टळली होती. मिस्तरींच्या गॅरेजमधला कामगार पाणी घालत होता आणि वना चाकांच्या आतल्या बाजू घासत होता.

नानांनी माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी जीपमधून किल्ली काढली, वनाच्या ओल्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चला. सुमनबाई वाट पाहत असतील. गाडी काय मी चालवू?" पण परतीच्या वाटेवर, महामार्ग सोडून नरडाण्याकडे वळल्यावर त्यांनी जीप थांबवायला सांगितली, खाली उतरले आणि धोतराचा सोगा सावरून चारही चाकांना हात लावून पाहिला. उलटा हात, वना लावायचा तसा. मागची दोन्ही सारखी गरम आहेत, असं त्यांनी मला येऊन सांगितलं. मी मान डोलावली.

त्या आठवड्यातल्या रविवारी कमलबाईने शेतात भरीत-पुरीचा बेत केला. काट्याकुट्यांवर वांगी भाजली, सुमनबाईंनी हिरव्या मिरच्या कुटल्या. टपरीवरची मंडळीही आली, जेवली, आणि जीपला गोधडी पांघरायची का असं एकाने विचारलं तेव्हा बाकीच्यांनीच त्याला गप्प केलं. छगनही आला होता. जेवण झाल्यावर तो वनाला बाजूला घेऊन हात कसा लावायचा ते विचारत होता. वनाने त्याला अर्धा तास शिकवलं. पुढे छगन संस्थेच्या दुसऱ्या गाडीवर लागला आणि चांगला ड्रायव्हर निघाला.

रुपचंद मिस्तरींनी त्यानंतर एक गोष्ट बदलली. कोणीही गाडी घेऊन आलं की आधी विचारायचे, बिघाड कोणत्या वेळी होतो, आणि दुसरा प्रश्न, गाडी धुऊन आणली का? धुऊन आणली असेल तर परत पाठवायचे. हिवाळ्यात त्यांच्याकडे बर्फाचं पोतं कायम असायचं. अडलेली गाडी आली की नरडाण्याच्या वनाला निरोप जायचा. सुटीच्या दिवशी तो एस.टी.ने धुळ्याला जाऊन चाकांना हात लावून यायचा.

छपरीच्या भिंतीवरचे कोळशाचे आकडे बरीच वर्षं तसेच होते. नंतर दवाखान्याला चुना मारला, त्यात गेले. थर्मामीटर मी निवृत्त होताना शाळेला परत केला. सुमनबाई दोन हजार चार साली निवृत्त झाल्या. संस्थेच्या जीपमध्ये त्यांनी शेवटपर्यंत पोटुशा बायांना निजवूनच नेलं.

वना आता सत्तरीच्या पुढे आहे. जळगावला थोरल्या मुलीकडे राहतो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवत नाही. सकाळी जावई गाडी बाहेर काढतो तेव्हा फाटक उघडायचं काम त्याच्याकडे आहे. संध्याकाळी गाडी परत आली की फाटक लावायच्या आधी तो चारही चाकांना उलटा हात लावून पाहतो.